पंपाची माती

आमच्या साहेबांच्या टेबलाच्या खणात फायली नव्हत्या, माती होती. तंबाखूच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्या, पंचवीस-तीस तरी असतील, आणि प्रत्येकीत एकेका गावची माती. झाकणावर नाव नाही, नंबर नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, नाव कशाला लिहायचं, घरातल्या माणसांच्या कपाळावर आपण नावं लिहितो का? आमच्या कारकुनाने एकदा त्यांची फिरकी घ्यायचं ठरवलं. स्वतःच्या दारातल्या तुळशीची माती एका डबीत भरली आणि ती डबी गुपचूप खणात सरकवून दिली. साहेबांनी ती उघडली, चार थेंब पाणी टाकलं, झाकण लावून मिनिटभर मुठीत धरली आणि मग नाकाशी नेली.

"ही कुण्या गावची न्हाई, घरची हाय," म्हणाले. "तुळशीला चहाचा चोथा लई होऊन राहिला. जरा कमी करा." कारकून पुन्हा कधी त्यांच्या वाटेला गेला नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. गावात रोज एक नवी पाटी लागायची आणि पाटीमागे कचेरीला जागा नसायची. आमचं पाणी आणि माती तपासायचं खातं शेंगदाण्याच्या एका जुन्या गोदामात होतं. पंखा लावला की टरफलं उडायची. मी तिथे प्रयोगशाळेत नवीन लागले होते. मूळची मुदखेडची, वडील रेल्वेत गँगमन. टेबलखुर्चीवर बसून पगार घेणारी आमच्या घरातली मी पहिली. नोकरी पक्की व्हायला वर्ष जायचं होतं, आणि ते वर्ष कसं पार पडतंय या काळजीत आमची सगळी वस्ती होती. साहेब नांदेडचे. त्यांचं बिऱ्हाड तिकडेच असल्यामुळे ते शनिवारी बसने जात आणि सोमवारी सकाळी परत येत. येताना वाटेवरची एखादी नवी माती रुमालात बांधून आणत.

साइटवर गेले की बूट काढून हातात घ्यायचे आणि अनवाणी चालायचे. कुणाच्या घरी चहा पुढे आला तर आधी साधं पाणी मागायचे, ते जिभेवर घोळवायचे आणि मगच कपाला हात लावायचे. दोनदा तर चहा नको म्हणून उठले आणि घरमालकाला सांगून आले, की तुमच्या विहिरीचं पाणी तपासायला पाठवा. लोकांना राग यायचा. मलाही यायचा, कारण मला चहा हवा असायचा. मातीला कोणी घाण म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्यांच्या हिशेबी माती एक तर बरी असे, नाही तर आजारी. दवाखान्यातल्या केसपेपरसारखे कागद त्यांनी मातीसाठी छापून घेतले होते आणि त्यावर लिहायचे, 'अंगात ताप, भूक नाही, पाणी पाजले.' वरच्या कचेरीतून शेरा यायचा, की भाषा सुधारावी. ते भाषा सुधारायचे नाहीत.

आता पंपाचं सांगते. गावातल्या मोठ्या रस्त्यावर एक जुना पेट्रोल पंप होता, कित्येक वर्षं बंद पडलेला. मालक वारलेला. त्या जागेवर एक नवी सरकारी इमारत यायची होती. पाया खणताना जमिनीतल्या टाक्या निघाल्या, तीन टाक्या, आणि त्यातली डिझेलची तळाशी गंजून चाळणी झालेली. किती वर्षं झिरपत होतं कोण जाणे. शेजारच्या गल्लीतल्या आडाच्या पाण्यावर तवंग दिसायला लागला. साल दुष्काळाचं. आडात जे दोन हात पाणी उरलं होतं तेही हातचं गेलं, आणि ती गल्ली टँकरच्या रांगेला लागली.

तेलकट माती ट्रकमध्ये भरून गावाबाहेरच्या खदानीत टाका, असं सगळ्यांचं मत होतं. साहेबांनी ते हाणून पाडलं. खदानीखाली पाणी नाही का, आणि तिथलं पाणी पिणारी माणसं माणसं नाहीत का, असं त्यांनी भर बैठकीत विचारलं. ते उमेदीच्या काळात एका तेल कंपनीच्या डेपोत होते. तेल सांडलेली माती कशी धुवायची किंवा मुरवायची, हे त्यांनी तिथे पाहिलेलं होतं. गावाबाहेरचं एक कुंपणाचं आवार त्यांनी मिळवलं. खाली चिकणमाती चोपून घेतली, चारी बाजूंनी बांध घातला आणि त्यावर ती माती वीतभर जाडीने पसरली. तिच्यात शेणखत आणि युरिया मिसळला. आठवड्याला बैल लावून नांगर फिरवायचा आणि ओल टिकवायची, एवढंच औषध. तेल खाणारे बारीक जीव मातीत मुळातच असतात, त्यांना हवा, पाणी, खत दिलं की ते कामाला लागतात. साहेब त्यांना कामगार म्हणायचे. सकाळी आल्या आल्या विचारायचे, कामगार जेवले का?

कामगारांना पाणी लागायचं आणि पाणी तर माणसांनाच नव्हतं. साहेबांनी हातगाडीवर दोन बॅरल चढवले आणि हॉटेलं फिरायला सुरुवात केली. कपबशा धुतलेलं पाणी, भाज्या विसळलेलं पाणी, कटिंगच्या दुकानातलं दाढीचं पाणी, सगळं गोळा करायचे. सरकारी अधिकारी हातगाडी ढकलतोय हे बघून लोक थांबायचे. टँकरच्या रांगेतली एक बाई एकदा आम्हाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माणसं तहानली आन ह्यो मातीला पाजून राहिला." साहेब गाडी सोडून तिच्याजवळ गेले, बॅरलचं झाकण काढून दाखवलं आणि अदबीने म्हणाले, यातलं तुम्हाला चालत असेल तर आधी तुम्ही घ्या. बाई तोंडाला पदर लावून मागे सरली. माझ्याच्याने मात्र तिच्याकडे बघवलं नाही, कारण चुकीचं काहीच म्हणाली नव्हती ती.

त्या आवारात आणखी दोन ढीग होते. एक पंपावरच्या वरच्या थराचा, चांगल्या मातीचा. तो कुणी नेला तर नेऊ द्यायचा, असं ठरलं होतं. दुसरा तेल प्यालेल्या मातीचा, पसरायला जागा नव्हती म्हणून थांबवून ठेवलेला. दोन्ही ढिगांवर पाटी नव्हती. साहेबांना पाटी लागत नव्हती.

वैशाखात त्यांच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ते आठ दिवस रजेवर गेले. जाताना एकच गोष्ट बजावून गेले. "बाई, कोरडी माती बोलत न्हाई. पाणी टाकल्याबिगर तिचं काही खरं धरू नका."

तिसऱ्या दिवशी दोन बैलगाड्या आल्या. निळ्या शिंगांचे बैल, एक शेतकरी, त्याची बायको आणि त्यांची नवी सून. औशाच्या वाटेवरच्या एका गावचे होते. रान सगळं बरड, हातभर खाली मुरूम. आमच्याकडे दुष्काळ पडला की आटलेल्या तळ्यांतला गाळ लोक गाड्यांनी वाहून रानात घालतात. पीक गेलं तर गेलं, निदान रान तरी सुधारतं. त्यांच्या गावचं तळं आधीच खरवडून झालं होतं. सरकारी आवारात काळी माती फुकट मिळते, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं.

मी चांगला ढीग दाखवला. शेतकऱ्याने मात्र दुसऱ्याकडे बोट केलं, कारण तो जास्त काळा होता. जितकी काळी तितकी कसदार, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल. मला शंका आली. पण ढीग दोन महिने उन्हात भाजून निघाला होता, ढेकूळ हातात भुगा होत होतं. त्यात मी स्वतः तीन दिवस त्याच आवारात वावरत होते, नाक तिथल्या वासाला सरावलेलं, वास कुठल्या ढिगाचा याचीच खात्री वाटेना. मी मूठभर माती फाटकाबाहेर नेली आणि नाकाशी धरली. वास आला नाही. सासूच्या हातावर दिली, तिने वास घेतला, सुनेने घेतला. "बेस हाय," सासू म्हणाली. राखणदाराच्या झोपडीत पाण्याची घागर होती, अर्धी. त्याच्या घरच्या पाच माणसांचं दिवसभराचं पिण्याचं पाणी. मी घागरीकडे पाहिलं, आणि मला त्यातलं तांब्याभर मातीवर ओतवलं नाही. मुदखेडला पाण्यासाठी मैलभर गेलेल्या आईची मी मुलगी. तीन दिवसांत त्यांनी बारा गाड्या माती नेली. भरताना वास आला तो आवाराचाच असणार असं मी स्वतःला सांगितलं. नाव-गाव लिहून घ्यायचंही माझ्या ध्यानात राहिलं नाही.

साहेब परत आले. रिकाम्या जागेवर उकिडवे बसले, बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं आणि वाकून वास घेतला. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी फक्त विचारलं, कोण होते. मी बैलांची निळी शिंगं सांगितली. दुसरं काही सांगता आलं नाही.

वरच्या कचेरीने अहवाल मागितला तेव्हा साहेबांनी लिहिलं, 'ढिगांवर पाटी लावली नव्हती. माती मी दिली.' मी ते वाचलं आणि गप्प राहिले. ते म्हणाले, तुमचं पक्कं व्हायचंय, माझं सगळं होऊन गेलंय. त्यांना ठपक्याचा मेमो आला. तो त्यांनी घडी करून मातीच्या डब्यांखाली घातला. मला फार लाज वाटली होती, पण लाज वाटून मी काही केलं नाही, हेही खरं.

मग सुरू झाला निळ्या शिंगांचा शोध. साहेबांचे शनिवार-रविवार नांदेडऐवजी औशाच्या वाटेवर जायला लागले. सायकल, पाण्याची बाटली, खुरपं. रान दिसलं की उतरायचे, बांधावर बसायचे, माती ओली करून हुंगायचे. एका गावात त्यांना चोर समजून धरून ठेवलं, एका गावात गुप्तधन शोधणारा समजून जेवू घातलं. पोळ्याला तर प्रत्येकच बैलाची शिंगं रंगवलेली, त्यामुळे ती खूण त्यांनी सोडून दिली. तिकडे त्या शेतकऱ्याच्या रानात नव्या मातीचा पट्टा उगवलाच नव्हता. पण पाऊसच नाही, सगळ्यांचीच पिकं गेलेली, तेव्हा त्याच्याही मनात काही आलं नाही.

पत्ता लागला तो कार्तिकात, आठवडी बाजारात, एका कुंभारणीकडून. साहेबांची सवय अशी, की कुठेही मडकं दिसलं की ते पाण्याचा हात लावून हुंगायचे. कुंभारीण वैतागून म्हणाली, आता तुम्ही पण सुरू करू नका, नवरात्रात एक बाई घट परत आणून आदळून गेली, तुझ्या मडक्याला रॉकेलचा वास येतो म्हणून. साहेब तिथेच खाली बसले आणि त्यांनी सगळं विचारून घेतलं.

झालं होतं ते असं. त्या घरी घटाला माती घेतली ती नव्या काळ्या पट्ट्यातली, कारण देवाला चांगलीच माती द्यायची. परडीत माती, तिच्यात गहू, ज्वारी, करडई, हरभरा, मधोमध पाण्याचा घट. पाणी पाझरलं आणि देवघरात रॉकेलचा वास सुटला. नऊ दिवसांत एक दाणा उगवला नाही. घट न उगवणं म्हणजे घरावर काहीतरी येणार, असं मानतात. सासूने आधी कुंभारणीला धरलं, आणि ती ऐकेना तेव्हा सुनेला. घरातल्या चिमण्यांत रॉकेल कोण भरतं? सून भरते. तेच हात घटाला लावले असणार. त्यात हे तिचं सासरचं पहिलंच वर्ष, वर दुष्काळ. पायगुणाची बोलणी निघाली. नवरा पुण्याकडे कामाला गेलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्याने तिला कंधारकडच्या माहेरी पोचवलं, आणि दिवाळी होऊन गेली तरी कोणी आणायला गेलं नाही.

आमच्या घरी घट बसवणं छप्पन साली, बौद्ध झालो तेव्हाच बंद झालं. मी परडी कधी मांडलेली नाही. ज्या गोष्टीवर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही, तिच्यावरून, आणि मी न ओतलेल्या तांब्याभर पाण्यावरून एका मुलीचा संसार मोडायला आला होता. साहेबांनी हे सांगितलं त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीची जीप घेऊन त्या घरी गेलो. साहेबांनी उपदेश केला नाही. पट्ट्यातली मूठभर माती डबीत घेतली, पाणी टाकून झाकण लावलं, उन्हात ठेवली, आणि तोवर घरच्या माणसांशी बैलांविषयी बोलत बसले. मग डबी सासूच्या हातात दिली. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा घेतला. मग म्हणाली, "म्हंजी पोरीचं काही नव्हतं." सासरा म्हणाला, निरोप धाडतो, येईल तिची ती. साहेब उठले आणि म्हणाले, पोचवायला माणूस गेलं होतं ना, मग आणायला पण माणूसच जाईल. जीप उभीच होती.

त्या बारा गाड्या माती आम्ही नंतर खरवडून परत आणली आणि दीड वर्ष तिच्यावर दाढीचं पाणी ओतलं. शेवटी डबीत ज्वारी उगवली, पाण्यावरचा तवंग गेला, आणि ती माती पुन्हा त्याच रानात गेली. पंपाच्या जागेवर आज मोठी इमारत आहे. तिथे काम करणाऱ्यांना यातलं काही माहीत नाही, आणि असायचं काही कारणही नाही. साहेब पुढे बदली होऊन नांदेडलाच निवृत्त झाले. पण मला ते आठवतात ते कंधारकडच्या त्या ओसरीवर.

मुलीच्या वडिलांनी घोंगडी अंथरली. साहेब, सासू आणि मी बसलो. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. साहेबांनी पंपापासून सगळं सांगितलं, टाकी, डिझेल, ढीग. तुमच्या मुलीचा यात काही दोष नाही, असं तिच्या वडिलांना दोनदा सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "माती दिली कोणी?"

"मी दिली," साहेब म्हणाले. "चूक माझी हाय."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही न्हाई दिली. तुम्ही तिथं नव्हताच." मग माझ्याकडे हात केला. "ह्या बाईंनी दिली. मी गाडीसंगं होते."

साहेबांची मान खाली गेली. एवढा नाकाचा पक्का माणूस, पण खोटं बोलायचं त्यांना साधत नव्हतं. मी हातातला कप खाली ठेवला. म्हटलं, "हो. मी दिली. साहेब रजेवर होते. पाणी टाकून बघायला त्यांनी मला सांगितलं होतं, मी नाही बघितलं." कचेरीत मी हे लेखी दिलं ते दोन दिवसांनी, आणि माझं पक्कं होणं वर्षभर लांबलं. पण सांगायचं होतं ते तिला, आणि तिथेच.

मला वाटलं ती चिडेल, रडेल. तिचा आवाज जरादेखील चढला नाही.

"बाईंनी वास घेतला, आत्याबाईंनी घेतला, मी बी घेतला. कुणालाच आला न्हाई," ती म्हणाली. "तिघींचं सारखंच चुकलं. मग घरातून मी एकलीच का गेले?"

सासू उठली, आत गेली, आणि बाहेर आली ती सुनेचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन. सुनेने ते काढून घ्यायला हात पुढे केला. सासूने दिलं नाही. तशीच चालत जीपपर्यंत गेली.

सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा साहेबाची, यात त्या काळी कुठे बदल होत नसे. साहेबांनी पुढचं दार उघडलं आणि त्या मुलीला तिथे बसवलं. ती संकोचून उतरायला लागली तर बाहेरून दार लावून घेतलं. मग स्वतः मागे आले. सासू, मी, गाठोडं आणि नमुन्याला घेतलेली मातीची पोती यांच्यामध्ये, औशाची वाट लागेपर्यंत गुडघे छातीशी घेऊन बसले.